सोल्डरिंग करताना पार्ट धरायचा कुणी?

एका हातात सोल्डरिंग गन, दुसऱ्या हातात सोल्डरची तार. मग रेझिस्टर धरणार कोण? मुलं शेजारच्याला "तू धर रे" म्हणतात आणि त्याचं बोट भाजतं, कारण धातूच्या पायातून उष्णता लगेच वर चढते.

खरं तर कुणी धरायची गरजच नाही. पाय पीसीबीच्या भोकांतून ओवून मागच्या बाजूला जरा फाकवायचे. बोर्ड उलटा केला तरी पार्ट पडत नाही. आधी बुटके रेझिस्टर, मग उंच एलईडी. तो डुगडुगला तर वरून कागदी चिकटपट्टी लावा.

डाग दिल्यावर दोन-तीन सेकंद काहीच हलवायचं नाही. थिजताना पाय हलला की डाग मातकट दिसतो, एलईडी कधी लागतो, कधी नाही. आणि मूल बिचारं जोडणी चुकली समजून सर्किट तपासत बसतं.

(बऱ्याच सोल्डरमध्ये शिसं असतं. डबा खायच्या आधी हात धुवायला लावाच.)