अस्सल, आणि तरीही परवडणारे

छापाचित्र म्हणजे चित्रकाराने स्वतः कोरलेल्या, आम्लाने खोदलेल्या किंवा रेखाटलेल्या पृष्ठभागावरून कागदावर उमटवलेले चित्र. पृष्ठभाग लाकडाचा, लिनोचा, धातूच्या पत्र्याचा, दगडाचा किंवा ताणलेल्या जाळीचा असतो. शाई लावून त्यावर कागद दाबला की एक प्रत निघते. पुन्हा शाई लावली की दुसरी. या सगळ्या प्रती मूळच मानल्या जातात, कारण त्यांच्याआधी कागदावर किंवा कॅनव्हासवर वेगळे असे ‘खरे’ चित्र नसतेच. भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकातही मूळ छापाचित्रांना ९७०२ हे स्वतंत्र शीर्षक आहे. कलावंताने संपूर्णपणे हाताने तयार केलेल्या एक वा अनेक पाट्यांवरून थेट काढलेले ठसे म्हणजे मूळ छापाचित्रे, अशी तिथली व्याख्या असून यांत्रिक किंवा छायाचित्रण-यांत्रिक पद्धतीने केलेल्या प्रती त्यातून वगळलेल्या आहेत. एकाच श्रमातून पंचवीस-तीस मूळ चित्रे निघतात आणि खर्च तेवढ्या घरांत वाटला जातो. स्वस्ताई या माध्यमाच्या अंगातच आहे, तिला कमअस्सलपणाचे लक्षण समजणे चूक आहे.

महाराष्ट्रात घरोघरच्या भिंतींवर चित्र पोहोचले ते छपाईमुळेच. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यांवर गीतेची अक्षरे कोरायला घेतली होती. ते काम पुढे मिरजेत पुरे झाले आणि १८०५ मध्ये गीता छापली गेली. १८३१ च्या सुमारास गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पुस्तके काढायला सुरुवात केली. चित्रांचा खरा प्रसार मात्र १८७८ नंतरचा. त्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. रामपंचायतन, पौराणिक प्रसंग, पेशवाईतल्या व्यक्ती अशी तिची रंगीत चित्रे ज्या घरांना कधी चित्रकाराचा पाय लागला नसता अशा घरांत गेली.

मग १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला. ‘शकुंतलाजन्म’ हे त्याचे पहिले चित्र. मुंबईत प्लेग आल्यावर तो घाटावर, लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. नवी मुंबईतल्या तळोज्याहून पनवेल गाठून जुन्या पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढला की मळवली फार लांब राहत नाही. मुंबई आणि पुणे यांच्यामधला हा सगळा पट्टा म्हणजे भारतीय चित्रछपाईचा एक जुना मार्गच आहे. जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा छापखाना विकत घेतला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी इथे काम करत. शिळाछापाचे तत्त्व तेल आणि पाण्याच्या वैरावर उभे आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने रेखाटायचे, दगड ओला करायचा. शाई खडूला धरते, ओल्या भागाला धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. लक्ष्मी-सरस्वतीच्या चेहऱ्यावरची ती उजळ झाक एकावर एक चढवलेल्या अनेक छापांतून येई. १९७२ च्या आगीत हा छापखाना जळाला.

एक भेद इथे लक्षात ठेवला पाहिजे. मळवलीत छापली जाणारी चित्रे बहुधा तैलचित्रांवरून कारागिरांनी दगडावर उतरवलेली असत. त्या उत्तम प्रतिकृती होत्या. आजच्या अर्थाने छापाचित्र म्हणायचे तर त्यात कल्पना, कोरणे आणि छापणे यांची एकच साखळी हवी. मुंबईत ती साखळी सर्वांत निष्ठेने जपली चित्रकार चित्तप्रसाद यांनी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचे त्यांचे ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केले. पुढे ते मुंबईत आले आणि अंधेरीत राहून लिनोकट करत राहिले: शेतकरी, कामगार, राबणारी मुले. लिनो निवडण्यामागे त्यांचा हिशेब साफ होता. साहित्य स्वस्त, यंत्राची गरज नाही आणि प्रती अनेक, म्हणजे चित्र ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचू शकते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावाला आजच्यासारखा बाजार नव्हता. तो हिशेब मात्र आजही तितकाच खरा आहे.

तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत तर तो फारच लागू पडतो. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला सिडकोने उभारलेल्या उंच इमारती आणि त्यांतली एक-दोन खोल्यांची घरे. अशा घरात लोखंडी छापयंत्र ठेवता येत नाही, पण लिनोकट करायला जेवणाचे टेबल पुरते. लिनो म्हणजे जवसाचे तेल, राळ आणि बुचाचा भुगा यांचा तागाच्या कापडावर बसवलेला थर. थंडीत तो कडक होतो. थोडा वेळ उन्हात ठेवला किंवा वरून कोमट इस्त्री फिरवली की लोण्यासारखा कापला जातो. चित्र आधी उलटे उतरवून घ्यावे लागते, कारण छापताना डावे उजवीकडे जाते. देवनागरी अक्षरे असतील तर इथेच हमखास घोटाळा होतो. काना आणि वेलांटी आरशात धरून तपासून घेणे हाच उपाय. मग व्ही आणि यू आकाराच्या पात्यांच्या कोरण्यांनी जे पांढरे राहायला हवे ते काढून टाकायचे. कोरणीसमोर दुसरा हात कधीही धरायचा नाही, हा नवख्यांसाठी पहिला नियम. कोरणी जागच्या जागी ठेवून लिनोच फिरवला तर वळणे गोलाईदार येतात.

शाई काचेवर पातळ पसरून रबरी रोलर तिच्यावर फिरवतात. शाई जास्त असेल तर रोलर चिकट, ओला आवाज करतो. प्रमाण बरोबर जमले की रेशमी कापड घासल्यासारखी बारीक सळसळ ऐकू येते. अनुभवी हात त्या आवाजावरच थांबतात. शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून त्याच्या पाठीवर स्टीलच्या चमच्याची फुगीर बाजू लहान वर्तुळांत फिरवायची. जपानात यासाठी बांबूच्या पानाने मढवलेली बारेन नावाची चकती वापरतात. एका कोपऱ्यातून कागद अर्धा उचलून बघायचा. जिथे शाई फिकी दिसते तिथे पुन्हा घासायचे, पण कागद मुळीच सरकू द्यायचा नाही. एका ए-फोर आकाराच्या प्रतीला असा दहा-पंधरा मिनिटांचा दाब सहज लागतो. रंग वाढवायचे तर एकच लिनो टप्प्याटप्प्याने कापत नेतात: आधी पिवळा छापायचा, मग जे पिवळे राहायचे ते कापून टाकून हिरवा, शेवटी काळा. पिकासोने १९५० च्या दशकाअखेरीस ही पद्धत गाजवली. यात मागे फिरता येत नाही. पहिल्या रंगाच्या जेवढ्या प्रती काढल्या असतील त्याहून एकही जास्त पुढे निघत नाही, कारण तोवर लिनोच उरलेला नसतो.

धातूवरचे एचिंग अधिक अवघड. जस्त किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढतात, पत्रा आम्लात बुडवतात. उघड्या रेघा खोदल्या जातात. त्यांत शाई भरून वरचा भाग पुसून काढतात आणि ओलसर कागद जाड लोकरी पट्ट्याखाली यंत्रातून दाबून काढतात. स्क्रीन प्रिंटिंग तर महाराष्ट्राला लग्नपत्रिकांमुळे माहीतच आहे. हाच प्रकार कलेत आला की त्याला सेरिग्राफ म्हणतात.

आम्ल आणि शाई यांचे सांडपाणी हा तळोज्यात गंभीर मुद्दा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत अंग निळे झालेली भटकी कुत्री फिरताना दिसली आणि कासाडी नदीत मिसळणाऱ्या रंगद्रव्यांकडे देशाचे लक्ष गेले. घरगुती छपाईचे प्रमाण त्यापुढे नगण्य, तरी नियम तोच. नायट्रिक आम्लाची विषारी वाफ घरात नको, म्हणून अनेक छापाचित्रकार तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतात. वापरून झालेले द्रावण धुण्याच्या सोड्याने निष्क्रिय करतात आणि खाली बसलेला तांबेमिश्रित साका मोरीत न ओतता वेगळा काढून धोकादायक कचऱ्यात देतात. रोलर पुसायला रॉकेलऐवजी खाद्यतेल आणि नंतर साबण चालतो.

कागदावर मात्र काटकसर करू नये. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. सुती चिंध्यांचा आम्लरहित कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. जुन्नरचा हातकागद पेशवाईच्या दफ्तरांत होता. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती कागदाची परंपरा नव्याने उभी केली. असा कागद तळोज्यापासून दोन-तीन तासांवर मिळत असताना परदेशी कागदाचा हट्ट धरायचे कारण नाही.

छापाचित्राच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला आकडा हा कलावंत आणि ग्राहक यांच्यातला करार असतो. ७/२५ म्हणजे पंचवीस प्रतींपैकी सातवी. कलावंताने स्वतःसाठी ठेवलेल्या थोड्या प्रतींवर ‘ए.पी.’ लिहितात. संच पुरा झाला की लिनोवर किंवा पत्र्यावर ओरखडा मारून तो रद्द करण्याची प्रथा आहे. ऑनलाइन बाजारात ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ या नावाखाली संगणकाच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रतीही विकल्या जातात. उदाहरणार्थ, रविवर्म्यांचे निधन १९०६ मध्ये झाले. त्यांची चित्रे केव्हाच स्वामित्वहक्काबाहेर आली असल्याने ती कुणीही छापून विकू शकतो. त्यात बेकायदा काही नाही, पण ते छापाचित्र नव्हे. भिंगातून पाहिले तर ऑफसेटच्या प्रतीत रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसते. लिनोकटमध्ये शाईची किंचित उंच कड बोटाला लागते आणि एचिंगमध्ये पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन कागदावर उमटलेला असतो. विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला जवळून काढलेला फोटो मागावा. खरा छापाचित्रकार तो आनंदाने पाठवतो.

छापाचित्रकारांना ज्ञान वाटून घेण्याची सवय पूर्वीपासूनच आहे, कारण यंत्र महाग आणि जड, त्यामुळे कार्यशाळा सामायिकच असायची. पॅरिसमध्ये छापाचित्रकार हेटर यांनी १९२७ मध्ये काढलेल्या कार्यशाळेत, म्हणजे पुढच्या ‘आतेलिए १७’ मध्ये, जगभरचे कलावंत एकमेकांना पाहून शिकले. आंध्रातून तिथे गेलेल्या कृष्णा रेड्डी यांनी कमीजास्त दाट शाया वापरून एकाच पत्र्यावरून अनेक रंग एका दाबात छापण्याच्या तंत्राला तिथेच मोठे रूप दिले. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय, दिल्लीत ललित कला अकादमीचे १९७६ पासूनचे गढी स्टुडिओ, बडोद्यात १९९९ पासूनची ‘छाप’ कार्यशाळा ही त्याच परंपरेची केंद्रे. तळोज्याच्या पेंधर स्थानकातून मेट्रोने बेलापूर आणि तिथून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठले की ज. जी.चे आवार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण नोकरी करून रात्री कोरणाऱ्याला रोज हा प्रवास झेपत नाही. त्याच्यासाठी इंटरनेट हीच कार्यशाळा झाली आहे.

कोणती शाई पावसाळ्यात किती दिवसांनी वाळते, दोन रंग एकमेकांवर नेमके कसे बसवायचे, हे आता चित्रफितींतून मोकळेपणाने सांगितले जाते. जर्मनीतल्या मार्टिन श्नाइडर यांनी तळहाताएवढ्या छापयंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. थ्री-डी प्रिंटरवर त्याचे भाग काढून कुणीही ते जोडू शकतो. मोठे यंत्र हवे असेल तर दोन पोलादी रूळ, एक सपाट पत्रा आणि दाब बदलणारे स्क्रू एवढ्यावर ते उभे राहते, आणि असे रूळ कातून देणारे लेथ औद्योगिक वसाहतीच्या शेजाऱ्यांना शोधायला लांब जावे लागत नाही. प्रती बदलून घेण्याची प्रथाही रूढ आहे: वीस जण एकाच आकाराच्या वीस-वीस प्रती जमा करतात आणि प्रत्येकाला वीस जणांच्या कामाचा एक-एक संच मिळतो. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, इंग्लंडमधले चित्रकार मॅथ्यू बरोज यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. कलावंतांनी दोनशे पौंडांपर्यंतची चित्रे समाजमाध्यमावर विकायची आणि विक्री हजार पौंडांवर गेली की दोनशे पौंडांचे काम दुसऱ्या कलावंताकडून घ्यायचे, अशी ती योजना होती.

किमतीचा हिशेब लपवण्यासारखा नसतो. उलट तो सांगितल्याने विश्वास बसतो. उदाहरणार्थ, एका लिनोकटला साहित्य तीन हजार रुपयांचे लागले, आणि चाळीस तासांची मेहनत ताशी अडीचशेने दहा हजारांची झाली. तीस प्रती काढल्या, चार बिघडल्या. तेरा हजार भागिले सव्वीस म्हणजे प्रतीमागे पाचशे. वेष्टन, टपाल आणि न विकल्या जाणाऱ्या महिन्यांची भर घातली तरी हजाराच्या आसपास किंमत ठेवता येते. तेच श्रम एकाच कॅनव्हासवर केले असते तर सगळा भार एका ग्राहकावर पडला असता. गॅलरीची दलाली नाही आणि यूपीआयने पैसे थेट येतात, म्हणून ही किंमत टिकते. तरीही निम्म्या तासांचे मोल न धरता विकणारे नवखे अनेक आहेत. त्यांनी स्वतःचे नुकसान तर करून घेतलेच, पण इतरांचा भावही पाडला. संचाच्या पहिल्या काही प्रती कमी किमतीला आणि कमी उरत जातील तशा महाग, ही जुनी रीत अधिक न्याय्य आहे.

पाठवताना कागद आम्लरहित बटरपेपरमध्ये ठेवून दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट बांधतात, बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण देतात. कोकणातल्या पावसात ते आवरण नसेल तर पुठ्ठाच ओल शोषतो. तेलाची शाई पूर्ण वाळली नसेल तर चित्र पाठवूच नये. ग्राहकानेही चौकट करताना काच थेट कागदाला टेकू देऊ नये. मधे मोकळी जागा ठेवणारा माउंट घालावा, चित्र चिकटपट्टीने न चिकटवता वरच्या कडेला हातकागदाच्या बिजागऱ्यांनी लटकवावे, आणि थेट ऊन किंवा ओल येणारी भिंत टाळावी. किनारपट्टीच्या दमट हवेत चौकटीची पाठ वर्षातून एकदा, शक्यतो दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर, उघडून पाहावी. बुरशीचा ठिपका वेळीच दिसला तर कागद वाचतो.