गावची विहीर की मळ्यातली?

श्रोतेहो, संगणकावरचा प्रत्येक प्रोग्रॅम सगळीच कामे स्वतः करीत नाही. नेहमी लागणारी कामे एकदाच लिहून ठेवलेली असतात. त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. मजकूर कुलूपबंद करून धाडणे हे असेच एक काम. ते करणारी ‘ओपनएसएसएल’ ही लायब्ररी जगभर चालते.

आता प्रश्न असा, की मूळ प्रणालीबरोबर ही लायब्ररी आलेलीच असताना बाहेरच्या प्रोग्रॅमने तीच वापरावी, की आपली वेगळी आणावी? म्हणजे गावच्या विहिरीवर पाणी भरावे, की मळ्यात नवी पाडावी?

‘फ्रीबीएसडी’ या प्रणालीचे उदाहरण घ्या. तिच्यासाठी बाहेरचे तीस हजारांहून अधिक प्रोग्रॅम ‘पोर्ट्स’ या संग्रहात मिळतात. गावच्या विहिरीचा फायदा उघड आहे. ती एकदा उपसली, की साऱ्या गावाला स्वच्छ पाणी. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. परका माणूस दुरून संगणकाच्या स्मृतीतला मजकूर वाचू शके! फ्रीबीएसडी १० च्या मूळ लायब्ररीत तो दोष होता. ती एकदा दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की तिच्यावर चालणारे सगळे सुरक्षित झाले. उलट आवृत्ती ९ मधली मूळ लायब्ररी जुनी, म्हणून निर्दोष होती. पण ज्यांनी पोर्ट्समधून नवी आणली होती, ते सापडले.

मग गावचीच विहीर बरी? थांबा, दुसरी बाजूही बघा. मूळ लायब्ररी मध्येच बदलता येत नाही; तिच्यावर बांधलेले प्रोग्रॅम मोडतात. फ्रीबीएसडी १३ ही २०२१ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ घेऊन आली. त्या लायब्ररीच्या कर्त्यांनी सर्वांसाठीची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली. प्रणालीची मुदत मात्र एप्रिल २०२६ पर्यंतची. मधल्या काळातले ओझे कोणी वाहायचे?

सर्वांत वाईट म्हणजे दोन्हींची सरमिसळ. एकाच प्रोग्रॅमचा एक भाग मूळ लायब्ररीवर आणि दुसरा नव्या लायब्ररीवर चालला, तर तो मध्येच कोसळू शकतो.

यावर एक तोड फ्रीबीएसडीनेच काढली आहे. ‘एसक्यूलाइट’सारख्या काही लायब्रऱ्या तिने खाजगी ठेवल्या, त्या फक्त मूळ प्रणालीने वापरायच्या. बाहेरच्यांनी आपली सोय पोर्ट्समध्ये करावी. मला हीच वाट रास्त वाटते. मात्र ज्याने स्वतःची विहीर पाडली, त्याने ती वेळोवेळी उपसलीही पाहिजे, बरं का!