बाबांना बाहेर का थांबवायचं?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी; म्हणजे नवा बाप निदान सव्वा महिना पाहुणाच, बरं का! दवाखान्यात आम्ही परिचारिका तरी त्याला काय सांगतो? औषधं आणा, बिल भरा, बाहेर थांबा. घाबरलेला तोही असतो, पण विचारत कुणी नाही.

कमी वजनाच्या बाळांसाठी १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात कांगारू पद्धत सुरू झाली. बाळ उघड्या छातीशी उभं धरायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून कापड. बापालाही हे जमतं. सिझरनंतर आई झोपून असेल, तेव्हा आम्ही त्याला खुर्चीत बसवतो, शर्टाची बटणं सोडायला सांगतो. आधी हात थरथरतात. तासाभराने तोच विचारतो, "सिस्टर, अजून थोडा वेळ ठेवू?"