पावसाळ्यातली खाज आणि दुकानदाराचे दान

जून लागला की नावड्यात दोन गोष्टी ओल्याच राहतात, कपडे आणि पाय. नावडे रोड स्टेशनावरून घरी येईपर्यंत बुटात पाणी शिरते. तळोजा एमआयडीसीत काम करणाऱ्यांचे पाय पाळीभर गमबुटात कोंडलेले असतात. घरी एका खोलीत दोरीवर टाकलेले कपडे तिसऱ्या दिवशीही हाताला दमट लागतात. खाज सुरू होते ती इथून. अंगावर नायटा उठला की माणूस आधी लपवतो, मग खाजवतो, आणि शेवटी मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात सांगतो, "खाजेची एक ट्यूब द्या."

या वेळी त्या ट्यूबबद्दल लिहायचे आहे. आणि आपल्यातले छोटे दुकानदार, टेलर, सलूनवाले, पिठाची गिरणी चालवणारे बांधव वर्षावासात जे दान बाजूला काढतात, त्याबद्दलही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर का, ते पुढे कळेल.

नायटा, म्हणजेच गजकर्ण, हा बुरशीचा आजार आहे. जांघ, कंबर, काख, स्तनांखालची घडी, जिथे घाम साचतो तिथे तो येतो. गोल चट्टा, कडेला उठलेली लाल रेघ, मधे थोडी स्वच्छ त्वचा, ही त्याची ओळख. काउंटरवरून न विचारता मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉईड मिसळलेले असते. स्टेरॉईडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि माणसाला वाटते, काय गुणकारी औषध आहे! प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी आत बिनधास्त पसरत असते. ट्यूब बंद केली की चट्टा दुपटीने परत येतो. माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. असे महिनोन्‌महिने चालले की त्वचा कागदासारखी पातळ होते, मांडीवर जांभळ्या-लाल रेघा पडतात आणि त्या रेघा जन्मभर पूर्णपणे जात नाहीत.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉईडच्या १४ मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली. नियम आहे, पण पाळला जातो किती, हे कुठल्याही नाक्यावर दिसते. म्हणून आपणच ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला शिकायचे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती ट्यूब लावू नका. हीच मलमे काही मुली चेहरा उजळावा म्हणून लावतात, हे त्याहून वाईट. चेहऱ्यावर पुळ्या येतात, लव वाढते, उन्हात गेले की आग होते. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी मुलींना मोठ्या आवाजात सांगावे.

नायट्यावर खरे उपचार अनेक आठवडे चालतात आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध लावावे लागते. अलीकडे ही बुरशी नेहमीच्या औषधांना सहज दाद देत नाही, त्यामुळे अर्धवट उपचार महागात पडतात. घरी करायचे ते असे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आंघोळीनंतर जांघ आणि बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, मगच कपडे घालायचे. आतले कपडे सुती आणि सैल. दोरीवर वाळले नाहीत तर इस्त्री फिरवून वाळवायचे, शिवणीवर जरा जास्त. पावसाळ्यात जीन्स आणि घट्ट लेगिंग्ज जितक्या कमी तितके बरे. पायांना चिखल्या झाल्या असतील तर कामावर मोज्यांचा दुसरा जोड न्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. लिंबू, लसूण, टूथपेस्ट, रॉकेल यातले काहीही चट्ट्यावर चोळू नका. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ केली तर बरे वाटते, जरूर करा, पण त्याने नायटा बरा होईल या भरवशावर राहू नका.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टो टाळण्यासाठी ते गोळी देऊ शकतात. मधुमेह असलेल्यांनी तर रोज रात्री तळपाय उलटे करून बघावेत. आणि एखादा फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही, असे असेल तर तो नायटा समजून बसू नका. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत आहे आणि वेळेवर घेतले तर आजार पूर्ण बरा होतो.

आता खरूज. ही गोष्ट दानाशी थेट जोडलेली आहे.

खरूज डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या येतात आणि घरात एकाला झाली की लवकरच दोघा-तिघांना होते. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. म्हणून ज्याला खाज नाही त्यालाही, घरातल्या प्रत्येकाला, एकाच रात्री औषध लावावे लागते. सहसा डॉक्टर परमेथ्रिनचे मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, लावून रात्रभर ठेवायचे, सकाळी आंघोळ करायची आणि आठवड्याने पुन्हा तेच. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला मात्र डॉक्टरांना विचारूनच. अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवायचे. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फुकट गेले असे समजू नये.

आता हिशेब करा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते, मुलांना त्याहून कमी. नवरा-बायको आणि तीन मुले असतील तर एका रात्रीला १०० ग्रॅमच्या आसपास, आणि आठवड्याने पुन्हा तितकेच. आई मेडिकलमधून एकच छोटी ट्यूब आणते, सर्वांत जास्त रडणाऱ्या मुलाला लावते आणि पंधरा दिवसांत त्या मुलाला घरातल्याच कुणाकडून पुन्हा खरूज लागते. तिचे कुठे चुकले? तिच्याकडे तेवढेच पैसे होते.

विशाखेची कथा आपल्याला "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथातल्या दात्यांच्या भागामुळे ठाऊक आहे. धो-धो पावसात भिक्खूंना निवांत आंघोळ करता यावी असे वस्त्रच त्यांच्याकडे नाही, हे तिच्या दासीने पाहिले. विशाखेने आठ वर मागितले, त्यांत पावसाळ्यात स्नानासाठी वस्त्र देण्याची परवानगी होती, आजाऱ्याला औषध देण्याचीही होती. ती श्रीमंत घरातली होती, सोने देऊ शकली असती. तिने आधी काय कमी आहे ते पाहिले. विनयपिटकातल्या महावग्गात आणखी एक प्रसंग आहे, तो कमी सांगितला जातो. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा आजार झाला, स्राव इतका की चीवर अंगाला चिकटून बसे आणि भिक्खू पाणी लावून ते सोडवत. तेव्हा तथागतांनी खाज-फोड असणाऱ्यांसाठी व्रणावर घ्यायच्या वेगळ्या वस्त्राला परवानगी दिली. त्वचेचा आजार ही लपवायची किंवा हसायची गोष्ट तिथे नव्हती.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने वर्षावासाचे, आणि नेमके तेच खाज-खरजेचेही. विहाराला धान्य, चटई, पंखा देण्याची पद्धत चांगलीच आहे. पण एखादा किराणावाला किंवा टेलर त्यातला थोडा भाग असा देऊ शकेल. टेलरने उरलेल्या सुती कापडाचे पंचे शिवावेत, एका घरात माणशी एक, घराला एक नव्हे. किराणावाल्याने साबण द्यावा, पण मुदत संपत आलेला माल काढून टाकण्याची संधी म्हणून नव्हे. ट्यूबा मात्र कुणीही स्वतः वाटू नयेत. त्याऐवजी ओळखीच्या मेडिकलमध्ये खाते उघडावे: डॉक्टरांची खरजेची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या घराला पूर्ण कुटुंबाचे, दोन्ही वेळचे मलम द्यायचे, बिल आमच्या नावावर. वर्षातून चार घरे केली तरी चालतील. चाळीस घरांना एकेक ट्यूब वाटण्यापेक्षा ही चार घरे खरोखर बरी होतील.

मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचा कायदा आहे. नावड्यातल्या गिरणीवाल्याला असा कायदा नाही. करसवलतीचा विचार असेल तर इतके लक्षात ठेवा: आजवर आपण जिला ८०जी म्हणत आलो ती सवलत नोंदणीकृत संस्थेला पैशाने दिलेल्या देणगीवर मिळते, रोख २,००० रुपयांपर्यंतच, आणि नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही. वस्तू वाटल्या किंवा शेजाऱ्याचे बिल भरले तर सवलत नाही. जीएसटी भरणाऱ्याने फुकट दिलेल्या मालावरचे इनपुट क्रेडिट घेता येत नाही, हेही हिशेबनिसाला आधीच सांगून ठेवावे.

देताना फोटो काढू नका. पंखा दिल्याचा फोटो चालतो. खरजेचे औषध घेणाऱ्या मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की शाळेत त्याच्या बाकावर कुणी बसत नाही. मेडिकलवाल्याच्या वहीतही घराचे नाव नको, चिठ्ठीची तारीख पुरे. आणि त्याच वहीत सात दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवायला सांगा, कारण पहिल्या रात्रीनंतर खाज कमी झाली की बहुतेक घरे दुसऱ्या वेळचे मलम न्यायला परत येत नाहीत. त्या दिवशी मेडिकलवाल्याने एक फोन करायचा.