घरच्या गाजर-पेरूची कोशिंबीर



पौष महिन्यात एका मळ्यावर गेलो होतो. अंगणात धुतलेल्या गाजरांचा ढीग पडलेला, ओसरीवर पेरूच्या पाट्या भरून ठेवलेल्या. पहाटे टेम्पो येणार म्हणून घरात सगळ्यांची लगबग. दिवेलागणीची वेळ झाली आणि घरातली चार वर्षांची नात उंबऱ्याला अडखळली. मग पाण्याचा तांब्या समोर असूनही हातानं चाचपडू लागली. आजी म्हणाली, "तिन्हीसांजेला असंच करते ती. अजून लहान आहे ना!" जेवायला बसलो तर पानात भाकरी, पिठलं आणि ठेचा. चवीला उत्तम, पण अंगणातल्या त्या ढिगातलं एक गाजर काही पानात आलं नव्हतं.

पोराला अंधूक उजेडात दिसेनासं होतं, ते लहान आहे म्हणून नव्हे. तो बहुधा रातांधळेपणा असतो आणि अंगात 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याचं ते पहिलं लक्षण. दुर्लक्ष केलं तर बुबुळ कोरडं पडतं, त्यावर फूल पडतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून असं लक्षण दिसताच पोराला आरोग्य केंद्रात न्यावं. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लहान मुलांना दर सहा महिन्यांनी देण्याची सरकारी योजना १९७० सालापासून आहे. तिथं कोशिंबिरीच्या भरवशावर बसू नये. मात्र डोस दिल्यावर ते जीवनसत्त्व रोजच्या जेवणातून मिळत राहावं लागतं, आणि त्याचा साठा तर आपल्याच वाफ्यात उभा असतो.

गाजराला जो केशरी रंग असतो, त्या रंगद्रव्याला कॅरोटीन म्हणतात. आपलं शरीर त्याचं 'अ' जीवनसत्त्व बनवतं. केशरी गाजरात ते तांबड्या गाजरापेक्षा जास्त असतं, पण तांबडंही चांगलंच. गोम अशी की कॅरोटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. नुसतं गाजर कुडूमकुडूम खाल्लं तर त्यातलं थोडंच अंगी लागतं. गाजर किसलं, त्यावर चमचाभर तेलाची फोडणी घातली, शेंगदाण्याचं कूट घातलं, की जास्त अंगी लागतं. आपल्या आयाबायांनी हे शास्त्र न शिकताच केलेलं आहे. भोगीच्या भाजीत गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा! यात काय कमी आहे? कमी एवढंच, की ते वर्षातून एकदा होतं.

दुसरी गोष्ट बायकांच्या अशक्तपणाची. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मग सांगतात की बीट खा, लालभडक असतं, रक्त वाढतं. मंडळी, रंगावर जाऊ नका. बिटाचा लाल रंग हा रंगच आहे, ते काही रक्त नव्हे. बिटाच्या कंदात लोह बेताचंच असतं. त्याहून अधिक लोह आपल्या बाजरीत आणि मुळ्याच्या पाल्यात आहे, जो पाला आपण गुरांपुढे टाकतो. पांढऱ्या मुळ्यात कॅरोटीन जवळजवळ नाहीच. ते सगळं पाल्यात. म्हणजे चांगला भाग गोठ्यात आणि उरलेला ताटात, असा उलटा व्यवहार चालतो.

पण बाजरीतलं लोह पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नव्हे. ते आतड्यातून शोषलं जायला 'क' जीवनसत्त्वाची मदत लागते. इथं पेरू कामाला येतो. पेरूत संत्र्याच्या चार-पाच पट 'क' जीवनसत्त्व असतं. आवळ्यात तर त्याहून जास्त. लिंबूही चालतं. अट एकच: हे भाकरीबरोबर, त्याच जेवणात खावं. सकाळी भाकरी आणि दुपारी पेरू, असं केलं तर पेरूचा फायदा मिळतो, पण लोहाला मदत होत नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो लोह अडवतो. तास-दीड तास जाऊ द्यावा. आणि ज्या बाईला चालताना धाप लागते, नखं पांढुरकी पडली आहेत, तिनं रक्त तपासून घ्यावं आणि लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. कोशिंबीर गोळ्यांच्या जोडीला.

आता कृती. पाच माणसांना दोन मध्यम गाजरं, एक लहान बीट, एक कोवळा मुळा पाल्यासकट, एक मोठा पेरू घ्यावा. पेरू गाभुळलेला असावा, लगदा झालेला नको. हाताशी असेल तर अर्ध्या डाळिंबाचे दाणे किंवा चार बोरांच्या फोडी. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, एक हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्धं लिंबू, चवीला मीठ. फोडणीला दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग.

गाजर आणि मुळा किसून घ्यावा. मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून घालावा. पेरूच्या मधल्या बिया म्हाताऱ्यांच्या दातांत अडकतात, तेवढा गर काढून बाकीच्या बारीक फोडी कराव्यात. साल काढू नये. कूट, मिरची, लिंबू घालून वर फोडणी ओतावी. बीट शेवटी किसून घालावं, नाहीतर सगळंच लाल होतं आणि पोरं तोंड फिरवतात. मीठ तर अगदी पान वाढताना. आधी घातलं की पाणी सुटतं. सुटलंच तर ते ओतून देऊ नये, भाकरीला लावून खावं. कोशिंबीर जेवायच्या वेळीच करावी. चिरून तासन् तास ठेवली की 'क' जीवनसत्त्व उडत जातं. लिंबू घातलेली कोशिंबीर बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, कळकते.

बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लालसर होते. त्यानं घाबरू नये. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र बीट डॉक्टरांना विचारूनच खावं. पेरूनं खोकला होतो असं घरोघरी म्हणतात. पिकलेला, स्वच्छ धुतलेला पेरू खाऊन खोकला झाल्याचा काही पुरावा नाही, तेव्हा बाळंतिणीला आणि पोरांना तो नाकारू नये. अगदी लहान मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना शिजवून, कुस्करून, वर तेल-तूप घालून द्यावं.

आता धुण्याविषयी, आणि हे जरा कान देऊन ऐका. गाजर-मुळा जमिनीत वाढतो, आपण तो कच्चा खातो. मातीत जंतांची अंडी असतात, आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. बाजारासाठी गाजरं नाल्यात पायानं तुडवून धुतलेली आम्ही पाहिली आहेत. दिसायला लखलखीत, पण त्या नाल्यात वरच्या अंगाला काय काय मिसळतं ते गावाला ठाऊक असतं. घरी खायची गाजरं पिण्याच्या पाण्यानं, काथ्यानं किंवा ब्रशनं घासून धुवावीत, साल खरवडावी, पुन्हा धुवावीत. पाला तर पान-पान सुटं करून धुवावा. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर पाला कच्चा न खाता परतून खावा. पोटात जंत असले तर खाल्लेलं त्यांच्याच कामी येतं आणि रक्त आणखी घटतं.

गाजर-मुळा काढल्याबरोबर पाला छाटून वेगळा करावा. तो तसाच ठेवला तर कंदातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर मऊ पडतं. गार जागी ओलसर वाळूत पुरून ठेवलेली गाजरं बरेच दिवस टिकतात. उन्हाळ्यात गाजर संपलं की कैरी-कांद्याची कोशिंबीर आहे; आणि कॅरोटीनसाठी परसात पपईची दोन झाडं असावीत.

विकायच्या मालातून रोज घरासाठी काढणं जिवावर येतं, हे आम्हाला कळतं. प्रत्येक गाजराचे पैसे दिसत असतात. म्हणून घरचा वाफा वेगळाच ठेवावा. तीन मीटरची एक ओळ पुरे. बी वाळूत मिसळून एक सेंटिमीटर खोल पेरावं, रोपं हाताएवढी होण्याआधीच विरळणी करून दोन रोपांत आठ सेंटिमीटर अंतर ठेवावं. अशा एका ओळीत तीस-पस्तीस गाजरं मिळतात. थंडी लागल्यापासून दर पंधरा दिवसांनी एक ओळ धरली की हंगामभर पुरवठा राहतो. ताजं शेण घालू नये, त्यानं गाजराला फाटे फुटतात आणि जंतांची भीती वाढते. चांगलं कुजलेलं खतच वापरावं. मोरीचं सांडपाणी या वाफ्याला सोडू नये. ते केळी-पपईच्या बुंध्याशी जाऊ द्यावं.