शेंडा थोपवला की डोळा जागा होतो

आजऱ्यात आमच्या परड्यातल्या फणसाच्या बेचक्यात सीतेची वेणी कित्येक वर्षं बसून आहे. मृगाच्या आगेमागे तिचा गुलाबी ठिपक्यांचा घोस लोंबतो, आणि पानं मात्र वीतभर जागेत एकावर एक घट्ट रचलेली. त्याच घराच्या पडवीत मी हौसेनं आणलेलं पिवळ्या फुलांचं ओन्सिडियम तिसऱ्या वर्षी कुंडीचा काठ ओलांडून बाहेर निघालं. प्रत्येक नवा कंद आधीच्यापेक्षा बोटभर उंच. शेवटचे दोन तर अधांतरी, मुळं हवेत. फणसावरच्या झाडाला कुणी हात लावला नव्हता आणि पडवीतल्याचे लाड मी रोज करत होतो. हा फरक का पडतो, हे शोधण्यात पंधरा वर्षं गेली आणि अजून मन भरलेलं नाही.

ऑर्किड म्हणजे आमरी. जगात तिच्या २८,००० च्या आसपास जाती. झाडावर बसते म्हणून लोक तिला सरसकट बांडगूळ म्हणतात, पण ती फांदीचा रस पीत नाही. मुळांवरचा पांढरा थर पावसाचं पाणी टिपतो, त्यावर ती जगते. आपल्याकडच्या आमरींवर फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं पुस्तक १९६६ साली आलं. वाढीच्या तऱ्हा दोन: सीतेची वेणी, व्हँडा एकाच शेंड्यानं वर जातात, ओन्सिडियम, कॅटलिया, डेंड्रोबियम आडव्या खोडानं पुढे सरकत नवे कंद उभे करतात. एवढं पुरे.

पसरण्याचं पहिलं कारण उजेड. आमच्या पडवीचं छप्पर उतरतं, कौलं खाली आलेली. झाडाची पानं गडद हिरवीगार, येणारा-जाणारा कौतुक करायचा. त्या रंगानंच मला फसवलं. उजेड कमी पडला की आमरी पान गडद करते, खोड ताणते, आणि दोन कंदांमधलं अंतर वाढतं. कुंडी अंगणात पूर्वेला, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली नेली. पुढचा कंद आखूड, गुबगुबीत आला. आता मी पानाचा रंग भाताच्या तरव्याशी ताडून बघतो: तसा पोपटी असेल तर उजेड पुरेसा.

दुसरं कारण अखंड पाणी आणि खत. ते समजायला फेब्रुवारीत आंबोलीला जाऊन उभ्या झाडांवर डेंड्रोबियम बार्बॅट्युलम बघावं. पानं गळालेल्या काड्यांवर नुसती पांढरी फुलं. हिरण्यकेशी तिथून उगवून आमच्या गावाशी येते, पाऊसही तसाच कोसळणारा. पण दिवाळीनंतर तिथल्या झाडाला कोरडी हवा, वारा आणि भरपूर ऊन मिळतं. आम्ही मात्र घरच्या कुंडीला बारा महिने पाणी आणि नत्र पाजतो. माझं १९:१९:१९ खत आता पावसाळी वाढीपुरतंच, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम. घनसाळ भात कापणीला आला की खत बंद.

आता माझ्या आवडीचा भाग. ऊस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उसाला तुरा आला, शेंडा थांबला, की कांड्यावरचे डोळे फुटून पांगशा येतात. डोळे आधीपासून होतेच. शेंड्यातून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक त्यांना झोपवून ठेवत होतं. थिमन आणि स्कूग यांनी १९३३ साली हे वालाच्या कुळातल्या रोपांवर दाखवलं: शेंडा काढला तर बाजूचे डोळे फुटतात, त्याच जागी ऑक्झिन लावलं तर झोपूनच राहतात.

ओन्सिडियमचंही तेच. पुढून चौथ्या कंदाच्या मागे आडवं खोड शोधायचं. जुनी कागदी सालपटं दात घासायच्या मऊ ब्रशनं हळूच उतरवली की कंदाच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढा चपटा डोळा दिसतो. हिरवट असेल तर जिवंत, तपकिरी सुकलेला असेल तर गेला. पातं ज्योतीवर तापवून, गार करून, खोड वरून निम्मं छेदायचं. प्रत्येक झाडाला पातं नव्यानं तापवायचं, कारण विषाणू रसातून एका कुंडीतून दुसरीत जातात. छेदावर दालचिनीची पूड, फक्त छेदावर. मुळांवर पडली तर ती सुकतात. मी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला छेद दिला. पाचव्या आठवड्यात डोळा फुगून बारीक चोचीसारखा झाला, आणि पहिल्या पावसात कोंब कुंडीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे निघाला. त्या दिवसांत मी रोज सकाळी भिंगातून बघायचो.

कोंब कोवळा असतानाच तारेच्या यू आकाराच्या पिनेनं खोड खाली दाबून ठेवलं, म्हणजे मुळं कोळसा आणि कौलाच्या तुकड्यांत शिरतात. कुंडी उजेडाकडे धरतानाही पाठ पुढे करायची, म्हणजे नवा कोंब आतल्या बाजूला वळतो. पण श्रावणात छेद कधी देऊ नये. एका वर्षी घाईनं कॅटलिया श्रावणात छेदली. आठ दिवसांत तीन कंद उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ, काळे पडले. आमच्या हवेत भिजट खोडाची जखम भरत नाही.

व्हँडाला छेद वेगळा. वरच्या भागाला तीन तरी चांगली हवाई मुळं फुटल्याशिवाय शेंडा कापायचा नाही; कापल्यावर खालचा बुंधा पिल्लं देतो. एका व्हँडाला मात्र मी लांबच वाढू देतो. सिंगापूरच्या ॲग्नेस जोकिम यांच्या नावाचं, वनस्पतिशास्त्रज्ञ रिडलीनं १८९३ साली नोंदलेलं, १९८१ पासून तिथलं राष्ट्रीय फूल. तिची पानं काडीसारखी गोल, आणि फुलायचं तर शेंडा आधाराच्या वर उन्हात निघावाच लागतो. तिला आखूड ठेवणं म्हणजे फूल गमावणं. परड्यातल्या भिंतीशी बांबू रोवून ती डोक्यावर नेली आहे.

आणि एक विनंती. जंगलातून आमरी उचलू नका; सगळी आमरी वन्य जातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीत आहे, आणि ओरबाडलेली झाडं घरी बहुतेक मरतात. रोपवाटिकेतलं रोप घ्या.

ओन्सिडियम अजून त्याच आठ इंची कुंडीत आहे. आज त्याला तीन तोंडं आहेत, तिन्ही आत वळलेली, आणि मागच्या कंदाशी कालच चौथा डोळा दिसला, अजून हिरवट.