विश्लेषण : गिटारची दुरुस्ती घरीच करावी की कारागिराकडे न्यावी?

पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात, कपाटाचे खण अडकतात. त्याच घरात कोपऱ्यात उभी केलेली गिटारही फुगते. फरक इतकाच, की दार लगेच कुरकुरते आणि गिटारची तक्रार दोन-तीन महिन्यांनी कळते. गणपतीच्या सुमारास ती हातात घेतली, की तारा दाबताना बोटे दुखतात, एखादा सूर खरखरतो, ट्यूनर हिरवा दिवा दाखवत असतानाही कॉर्ड बेसूर लागते. मग एखादा व्हिडीओ सापडतो. त्यात कुणी एल आकाराची किल्ली फिरवून दोन मिनिटांत सारे ठीक करून दाखवतो. ही किल्ली आपणही फिरवावी का? घरी काय करता येते आणि कोणत्या कामाला हात लावू नये?

गिटार मुळात बिघडते कशामुळे?

स्टीलच्या तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० ते ७५ किलो ताण असतो. म्हणजे एक प्रौढ माणूस रात्रंदिवस त्या लाकडाला लटकलेला आहे, असे समजा. हा ताण पेलणारा पुढचा पातळ पत्रा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा असतो. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. पुढचा पत्रा फुगून वर आला, की त्यावर चिकटवलेला ब्रिजही वर येतो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. गिटारवादकांच्या भाषेत ‘ॲक्शन’ वाढते.

बहुतेक गिटार कंपन्या ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी नेमके उलटे घडते. कोरड्या हवेत लाकूड आकसते, फ्रेटची धातूची टोके कडेला बोटांना टोचू लागतात आणि फार झाले तर पत्र्याला चीर जाते. दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीतही हवा कोरडी होते. त्यामुळे गिटार ‘बिघडली’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा ती फक्त ऋतूप्रमाणे हललेली असते. पाच-सातशे रुपयांच्या आसपास मिळणारा आर्द्रतामापक आणि गिटारची बंद पेटी यांनी जे साधते, त्यासाठी पाने-किल्ल्या काढण्याची गरज नसते.

घरचे काम आणि कारागिराचे काम यांतली रेषा कुठे?

काम अवघड आहे की सोपे, हा प्रश्न इथे फसवा ठरतो. विचारायचा प्रश्न दुसराच आहे : चुकले तर परत फिरता येईल का? स्क्रू फिरवला तर उलटा फिरवता येतो. कानस मारलेला धातू आणि घासलेले लाकूड परत येत नाही.

हा भेद आपल्याकडच्या वाद्यांत फार पूर्वीपासून पाळला जातो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा, म्हणजे जिवा, सरकवून सूर खुलवणे हे वादकाचेच काम. मैफलीआधी प्रत्येक जण ते स्वतः करतो. पण घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढायची वेळ आली, की वाद्य कारागिराकडे जाते. ज्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे जवारीचा हात तयार व्हायला वर्षे लागतात. गिटारलाही हाच हिशेब लावता येतो.

त्यानुसार तारा बदलणे, फ्रेटबोर्ड पुसणे, सैल झालेल्या खुंट्यांचे स्क्रू आवळणे, इलेक्ट्रिक गिटारच्या सॅडलची उंची आणि जागा बदलणे ही सारी घरची कामे. नटच्या खाचा कापणे, फ्रेट घासून समपातळीत आणणे, उखडलेला ब्रिज चिकटवणे, चीर सांधणे ही कारागिराची. मधल्या पट्ट्यात दोनच गोष्टी उरतात : ट्रस रॉड आणि अकूस्टिक गिटारचे सॅडल. गोंधळ तिथेच होतो.

ट्रस रॉडची किल्ली फिरवावी का?

ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आत बसवलेली पोलादी सळई. तारांचा ताण मान पुढे वाकवतो, सळई ती मागे खेचते. मान अगदी सरळ असणे अपेक्षितच नसते. तार कंप पावते तेव्हा तिला मधोमध जागा लागते, म्हणून मानेत किंचित खोलगटपणा ठेवतात. तो मोजता येतो. पहिल्या फ्रेटवर क्लॅम्पसारखा कॅपो लावायचा, मान जिथे धडाला मिळते त्या फ्रेटवर जाड तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट बघायची. ती साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असावी. गॅरेजवाले स्पार्क प्लगची फट मोजायला वापरतात तेच फीलर गेज इथे चालते.

फट जास्त असेल तर बहुतेक गिटारमध्ये नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतात, फट नसेल तर सैल करतात. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग तारा पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजायचे. काही गिटारची मान उत्तर द्यायला एक दिवस घेते; घाईत लोक आणखी पाव फेरा देतात आणि दुसऱ्या दिवशी मान उलटी वाकलेली सापडते. त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या मापाची किल्ली. मिलिमीटरची किल्ली इंची नटमध्ये ‘जवळजवळ’ बसते, आणि त्या जवळजवळमध्येच षटकोनाची धार गोल होते. जोर लावूनही नट हलत नसेल तर तिथेच थांबावे. सळई तुटली तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीएवढा होऊ शकतो.

आणि व्हिडीओत बहुधा न सांगितलेली गोष्ट अशी, की ट्रस रॉड ॲक्शन कमी करण्यासाठी नसतोच. तो मानेचा वाक बदलतो. तारांची उंची त्याच्यामुळे थोडी हलते, इतकेच. फुगलेल्या पत्र्यामुळे वाढलेली उंची सळई आवळून उतरवू गेले, की पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये तर ही सळई अनेकदा नसतेच. अशा गिटारवर ‘आवाज मोठा येतो’ म्हणून स्टीलच्या तारा चढवणे हा आपल्याकडे सर्रास होणारा प्रकार. नायलॉनचा ताण ४० किलोच्या आसपास असतो. त्या हिशेबाने बांधलेल्या वाद्यावर जवळपास दुप्पट भार टाकला, की ब्रिज पत्र्यासकट उचलला जातो.

सॅडल घासण्यात कितपत धोका?

कमी, कारण सॅडल स्वस्त असते आणि वेगळे विकत मिळते. जुने जपून ठेवून नव्यावर प्रयोग करता येतो. गणित सोपे आहे : बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथली उंची अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर बहुतेकांना सोसते. सॅडल खालून घासायचे, वरून नाही. पेन्सिलने रेघ मारून, काचेवर सपाट पसरलेल्या पॉलिश पेपरवर. तळ वाकडा झाला तर सॅडलखाली पिकअप असलेल्या गिटारमध्ये एक तार मोठ्याने आणि दुसरी दबून वाजते.

घासण्याआधी एक तपासणी मात्र हवी. लांब पोलादी पट्टी फ्रेटवरून सरळ ब्रिजकडे न्यावी. तिचे टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकले तर ठीक. ते बरेच खाली अडत असेल तर मानेचा कोनच बदललेला आहे. मग सॅडल कितीही घासले तरी उपयोग नाही. मान सोडवून नव्या कोनात बसवणे हे निव्वळ कारागिराचे काम, आणि सहा हजारांच्या गिटारवर तो खर्च करण्यापेक्षा नवी घेतलेली बरी.

खरखर कुठून येते हे घरी कळते का?

बऱ्याच अंशी कळते. तार मोकळी वाजवतानाच खरखरत असेल तर संशय नटच्या खाचेवर. पहिल्या काही फ्रेटवर सगळीकडे असेल तर मान फार सरळ झाली आहे. एकाच ठिकाणी असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचललेला. एटीएम कार्डाची लांब कड तीन फ्रेटवर उभी ठेवावी. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. निदान इथवर फुकट होते. उपचार मात्र घरी करू नये, कारण एक फ्रेट घासला की शेजारचे उंच ठरतात.

चिकटवण्याच्या बाबतीत तर घरचा उत्साह सर्वांत महाग पडतो. निघालेल्या ब्रिजखाली फेविक्विक किंवा एम-सील भरले, की पुढे कारागिराला आधी ते खरवडून काढावे लागते, त्यात लाकडाचे तंतू निघतात. ब्रिज थोडा जरी उचलला दिसला तरी तारा सैल कराव्यात आणि गिटार तशीच घेऊन जावे. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नये. गोंद नरम पडतो तो तिथेच.

इलेक्ट्रिक गिटारचे काय?

इथे हौशी माणसाला मोकळे रान आहे. पॅसिव्ह पिकअपच्या सर्किटमध्ये जोखीम नाही. खराब जॅक किंवा खरखरणारा पॉट बदलायला सोल्डरिंग लोह आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तापकीर गल्लीत मारलेली एक चक्कर पुरते. तारा काढण्याआधी जोडणीचा फोटो घ्यावा. अपवाद ॲम्प्लिफायरचा. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसू शकतात. ते उघडणे हौसेचे काम नव्हे.

घरी सारे काही होऊ शकते याचे उदाहरण म्हणून ब्रायन मे याचे नाव हमखास घेतले जाते. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या क्वीन बँडचा गायक, त्याच बँडचा हा गिटारवादक. १९६३ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक्स अभियंता असलेल्या वडिलांबरोबर घरीच गिटार बांधायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या फळीचे लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग. पण त्याने स्वतः गुंडाळलेले पिकअप तार ओढताना नको ते आवाज करू लागले, तेव्हा बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत घेऊन बसवले. आणि १९९८ मध्ये तीच गिटार नीट करायची वेळ आली, तेव्हा ती ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराच्या हाती दिली.

पैशांचा हिशेब कसा मांडायचा?

फीलर गेज, योग्य मापाच्या किल्ल्या, पोलादी पट्टी ही हत्यारे वर्षानुवर्षे टिकतात आणि दर ऋतूत लागतात, त्यांचे पैसे वसूल होतात. नटच्या कानशी प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे वेगळ्या घ्याव्या लागतात. एकाच गिटारसाठी आयुष्यात एकदा लागणाऱ्या कामाला तो संच घेणे परवडत नाही. शिकायचेच असेल तर जुन्या बाजारातून मोडकी गिटार आणावी. आजोबांनी दिलेल्या वाद्यावर हात साफ करू नये.

कारागिराकडे जाताना काय सांगावे?

नव्या तारा घालून न्यावी, आणि नेहमी ज्या जाडीच्या वापरता त्याच. कारण १० वरून १२ च्या संचावर गेले की ताण वाढतो आणि केलेले सेटिंग वाया जाते. खरखर कोणत्या तारेवर, कितव्या फ्रेटवर ते लिहून द्यावे. अंदाजे खर्च आधी विचारावा. तुम्ही कसे वाजवता तेही सांगावे. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला आणि बोटांनी छेडणाऱ्याला एकच ॲक्शन चालत नाही.

वेळही महत्त्वाची. जुलैत फुगलेल्या गिटारची ॲक्शन उतरवून घेतली, तर डिसेंबरात लाकूड आकसताच तारा फ्रेटवर आपटू लागतात. तातडी नसेल तर ऑक्टोबर उलटू द्यावा. पावसाळ्यात काम करून घ्यावेच लागले, तर कारागिराकडून जुने सॅडल परत मागून घ्यावे आणि गिटारच्या पिशवीच्या खिशात ठेवावे. थंडीत तेच पुन्हा बसवता येते.